दोरा खरं सांगत होता

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पत्ता मी आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच कपाटावर टाकलं असतंस, आणि त्याबद्दल तुला कुणी नावं ठेवली नसती. एकोणीस वर्षं तुझ्यामाझ्यात एका ओळीचीही देवाणघेवाण नाही. आता उघडलंच आहेस तर आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. माझी मुलगी बरी आहे. आत्ता, हे लिहितोय तेव्हा, ती दुकानाच्या पायरीवर बसून पेन्सिलीला टोक काढते आहे. तिला तू पाहिलेलं नाहीस. आठ वर्षांची आहे. रांगत होती तेव्हा ग्राइंडरच्या ठिणग्या पाहून टाळ्या पिटायची, म्हणून तिला सगळे ठिणगीच म्हणतात. ती बरी आहे, पण मी नाही. तीन महिने झाले, स्क्रूड्रायव्हर हातात घेतो आणि कशासाठी घेतला ते विसरतो. मी, ज्याच्या फळीवर प्रत्येक हत्याराची जागा आखून ठेवलेली असते!

दुकान अजून तेच आहे, दवाखान्याच्या मागच्या गल्लीतलं. रेडिओ-घड्याळं कधीच सुटली. आता दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो. नववीत नापास झालेला माणूस, माझ्याकडे कागद नाही. पण कागदवाले इंजिनिअर जिथे हात टेकतात तिथून यंत्र माझ्याकडे येतं. फुशारकी मारतोय असं वाटेल. मारतोयच. ही फुशारकी पुढे लागणार आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो. तुला आठवतं, वडिलांचं गजराचं घड्याळ मी उघडलं होतं तेव्हा तू दोन तास बॅटरी धरून उभी होतीस, आणि उरलेले दोन स्क्रू ओच्यात लपवून म्हणालीस, “चालतंय ना? मग हे जास्तीचे होते.” त्या दिवसापासून तू मला खटपट्या म्हणायला लागलीस. आणि माझ्या वह्या तपासायचीस. मी चूक झाली की रबराने खोडून खोडून कागदाला भोक पाडायचो. तू म्हणायचीस, “खोडू नकोस रे, एक रेघ मार. चूक वाचता आली पाहिजे, नाहीतर पुन्हा तीच करशील. शेजारी बरोबर लिही आणि पुढे चल.” माझ्या दुकानात अजून तोच नियम आहे. प्रत्येक यंत्राची नोंदवही आहे, तिच्यात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि सही.

गेल्या वर्षी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. सिकलसेलच्या मुलांसाठी त्यांनी आठवड्यातून दोन दिवस वेगळी खोली उघडली. हा आजार रक्तातला. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही दोष आले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, मूल फिकट पडतं, हाडं ठणकतात. एवढं मला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की यातल्या काही मुलांच्या मेंदूकडे जाणारी नस आतून अरुंद होत जाते, आणि मूल हसतं-खेळतं असतानाच एके दिवशी त्याला पक्षाघाताचा झटका येतो. म्हाताऱ्यांना येतो तो. सहा-सात वर्षांच्या मुलांना. बाई हे सांगत होत्या तेव्हा माझ्या हातात त्यांच्या पंख्याचा रेग्युलेटर होता. मी मान खाली घालून तार सोलत राहिलो. का, ते पुढे येईल.

बाई म्हणाल्या की हे आधी कळू शकतं. नस अरुंद झाली की रक्त तिच्यातून जोरात धावतं, पाण्याच्या नळीचं तोंड दाबल्यासारखं. कानाच्या जरा पुढे, कानशिलावर एक दांडी टेकवायची, तिच्यातून ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परत आलेल्या आवाजावरून वेग मोजायचा. सुई नाही, दुखत नाही, वीस मिनिटांचं काम. सेकंदाला एकशेसत्तर सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक. दोनशे किंवा वर गेलं तर धोका, आणि मग दर महिन्याला चांगलं रक्त भरत राहिलं तर दहातले नऊ झटके टळतात. पण ते मोजणारं यंत्र मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, एका बंगल्याच्या किमतीचं. तिथवर कोण जातो? म्हणून बाईंनी कुठल्याशा संशोधकांकडून एक छोटं यंत्र चाचणीसाठी आणलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवर चालणारं, जुन्या मोटरसायकलच्या किमतीत बसेल असं. माझं काम एकच. ते खरं बोलतं की नाही, ते तपासायचं.

ताई, असं सुंदर काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मी शिलाई मशीनची मोटर घेतली, लेथवर एक पुली कातली. व्यास एकतीस पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर दहा सेंटिमीटर दोरा सरकतो. दोरा टाके घालायचा, रेशमी, दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून मागून आणलेला. काचेच्या टाकीत पाणी, पाण्यात तो दोरा दांडीच्या तोंडाकडे धावत येतो. सेकंदाला दहा फेरे म्हणजे शंभर सेंटिमीटर. यंत्र म्हणालं, शंभर. वीस फेरे, दोनशे. यंत्र म्हणालं, एकशेनव्याण्णव. मी तीन दिवस, सकाळ-दुपार, एकशेवीस वेळा मोजलं. दोनाच्या वर फरक कधी आला नाही. वहीत लिहिलं, “यंत्र बरोबर,” आणि खाली सही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही इंजिनिअर व्हायला हवं होतं.” मी म्हणालो, “मग हे जमलं नसतं.” नर्सबाई तोंडावर हात ठेवून हसल्या.

पुढच्या आठवड्यात बाई बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि जाताना सांगून गेल्या की तोवर मुलांची तपासणी सुरू करा, नर्सबाईंचा हात आता बसलाय. सुरू करायच्या आदल्या दिवशी मला माझी सवय आठवली. दुरुस्तीच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. नवं मीटर आलं की आधी ते एखाद्या चांगल्या नगावर लावून बघायचं. ज्याच्याबद्दल शंभर टक्के खात्री आहे अशा वस्तूवर. दोरा झाला, पण दोरा म्हणजे माणूस नव्हे. चांगलं, निरोगी मूल पाहिजे. आणि चांगलं मूल माझ्या घरातच होतं.

ठिणगी खुशीत आली. तिने यंत्राचं नाव ‘डोक्याचा रेडिओ’ ठेवलं. अट घातली की आधी बाबांचं डोकं बघायचं, आत काही आहे का कळेल. नर्सबाईंनी माझ्या कानशिलाला जेल लावलं, दांडी टेकवली, यंत्रातून सूं-सूं आवाज आला आणि त्या म्हणाल्या, “आहे गं, थोडंसं आहे.” दोघी इतक्या हसल्या की पुढचा आकडा चुकला, पुन्हा घ्यावा लागला. मग ठिणगी आडवी झाली. नर्सबाईंनी दांडी एका केसाएवढी इकडे, एका केसाएवढी तिकडे सरकवत नस पकडली. आवाज आला. ताई, माझा कान तुला माहीत आहे. रेडिओचं स्टेशन अर्ध्या केसाने सरकलं तरी मला कळतं. माझ्या डोक्यातला आवाज जाड होता, ठिणगीचा बारीक आणि उंच, दाराच्या फटीतून वारा शिरल्यासारखा. पडद्यावर आकडा आला. डावी बाजू, दोनशे अकरा.

मी काय केलं असेन? मी हसलो. नर्सबाईंना म्हणालो, “बघा, म्हणूनच चांगला नग लागतो. तुमचं यंत्र खोटं बोलतंय.” त्यांनी पुन्हा मोजलं. दोनशे नऊ. पुन्हा. दोनशे बारा. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पण मास्तर, दोरा तर बरोबर म्हणत होता.” मी म्हणालो, “दोरा पाण्यात असतो. इथे मध्ये हाड आहे. हाडातून जाताना आकडा फुगतोय.” त्या म्हणाल्या, “मग तुमचा आकडा का नाही फुगला?” मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. म्हणालो, “तुम्ही सुई टोचा, बाई. यंत्राचं माझ्यावर सोडा.” त्यांनी जेलची बाटली बंद केली आणि ठिणगीचं कानशील पुसलं. पुस्तकात पाहिलं, या वयाच्या निरोगी मुलाचा वेग साधारण सत्त्याण्णव. सत्त्याण्णव भागिले दोनशे अकरा, म्हणजे शून्य पूर्णांक सेहेचाळीस. प्रत्येक आकड्याला एवढ्याने गुणायचं, असं मी यंत्रात बसवून दिलं. ठिणगी सत्त्याण्णव झाली. वहीत नोंद केली, हाडाची दुरुस्ती, ०.४६, सही. झोकदार सही. दोऱ्यावर एकशेवीस वेळा घेतलेली मोजणी बाजूला सारली आणि एका पोरीच्या डोक्यावरून माप धरलं, कारण ती पोर माझी होती.

बारा दिवसांत अडतीस मुलं तपासून झाली. सगळी ठीक. आईबापांना सांगितलं, काळजी नाही, पुढच्या वर्षी या. एक शिंपीण होती, ती मुलीला पाठुंगळीला मारून आली होती. ‘ठीक आहे’ ऐकल्यावर मटकन खाली बसली आणि रडली. मला वाटलं, केवढं पुण्याचं काम.

डॉक्टरीणबाई परत आल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी वही उघडली. उभ्यानेच चाळत होत्या. मग बसल्या. म्हणाल्या, “मास्तर, हे काय? साठ, पासष्ट, अठ्ठावन्न? या मुलांचं रक्त पातळ असतं, त्यांचा वेग निरोगी मुलांपेक्षाही जास्तच असतो. हे आकडे येतील कसे?” मी ऐटीत हाडाची दुरुस्ती समजावली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “भिंतीपलीकडे कुणी गात असेल तर आवाज बारीक ऐकू येतो. सूर बदलतो का?” मी म्हणालो, “नाही.” आणि तो एक शब्द म्हणता म्हणताच मला माझी चूक दिसली. वेग सुरावरून कळतो, मोठेपणावरून नाही. हाडाने आवाज दबतो, सूर दबत नाही. हे मला माहीत होतं, ताई. वीस वर्षं रेडिओ जुळवलेत मी. मला माहीत होतं. बाईंनी विचारलं, “तुम्ही कशावरून जुळवलंत?” मी म्हणालो, “माझ्या मुलीवरून.” त्यांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, “तिचं रक्त कधी तपासलंय?”

कधीच नाही. लग्नाआधी तपासणीवाले गल्लीत आले होते, तेव्हा मी दारातूनच म्हणालो होतो, आमच्या घरात असलं काही नाही, पुढच्या दाराला जा. ठिणगी जन्मली तेव्हाही हेच.

शाळा सुटायची वाट न बघता तिला घेऊन आलो. बोटाला टोचलं, एक थेंब कागदाच्या पट्टीवर. पट्टीवर आधीची एक रेघ चाचणी नीट चालल्याची असते, ती सोडायची. मग दोन जागा बघायच्या. निरोगी रक्ताला वरच्या जागी रेघ उमटते. दोष असलेल्या रक्ताला खालच्या. एक दोष, एक चांगलं असेल तर दोन्हीकडे. दहा मिनिटं थांबायचं. ठिणगी बोट चोखत विचारत होती की शाळेत परत जायचं का, कारण आज चित्रकलेचा तास आहे. मी पट्टीवरून नजर हलवली नाही. खालची रेघ आली. गडद, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. वरची जागा कोरी. मी ती पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, भिंग लावलं. अजून वाट पाहू म्हणालो. बाई म्हणाल्या, “मास्तर, आता नाही येणार.” नंतर माझी आणि हिची, ठिणगीच्या आईची, पट्टी केली. दोघांच्याही दोन-दोन रेघा. पुढे मोठ्या प्रयोगशाळेतूनही तेच आलं. म्हणजे माझ्या यंत्राने पहिल्याच दिवशी, पहिल्याच मुलाच्या डोक्यावर, पहिल्याच फटक्यात खरं सांगितलं होतं. मी त्याचं तोंड दाबलं.

तू म्हणशील, बसला असशील डोकं धरून. बसायला वेळ नव्हता. अडतीस मुलं घरी गेली होती. यंत्रात मूळ आकडे राहिले नव्हते, पण भागाकार करता येत होता. नर्सबाई वहीतून एकेक नाव आणि आकडा वाचत गेल्या, मी शून्य पूर्णांक सेहेचाळीसने भागत गेलो. त्यांनी एका शब्दानेही मला टोचलं नाही, आणि टोचलं असतं तर बरं झालं असतं. साठ म्हणजे एकशेतीस. अठ्ठावन्न, एकशेसव्वीस. मग चौऱ्याण्णव. मी कागदावर भागलं, मग कॅल्क्युलेटरवर भागलं, मग पुन्हा कागदावर. दोनशे चार. पुढे शहाण्णव, दोनशे आठ. शेवटून दुसरी शिंपिणीची मुलगी, एकशे एक. दोनशे एकोणीस. ज्या मुलीच्या आईला मी ‘ठीक आहे’ म्हटलं होतं, तिचा आकडा सगळ्यांत वर होता. दोघं त्याच दिवशी सापडली. शिंपिणीने खोली बदलली होती, चार दिवस पत्ता लागेना. मी दुकान बंद करून गल्ल्या पालथ्या घातल्या. जिथे जिथे शिलाई मशीनचा आवाज येई तिथे डोकावायचो, लोकांना वाटलं असेल माणूस फिरलाय. चौथ्या दिवशी सापडली. मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी तिथेच भिंतीला टेकलो. मोजत होतो, त्रेचाळीस उड्या मारल्या तिने. तिघांनाही रक्त सुरू झालंय. तिघंही धडधाकट आहेत. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा स्वतःशी म्हणतो आणि तरी खरं वाटत नाही.

घरी हिला सांगितलं तेव्हा ती ठिणगीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्री चालूच ठेवली. कॉलर झाली, बाह्या झाल्या. मग म्हणाली, “तिचे पाय दुखतात म्हणून मी डॉक्टरकडे चला म्हणत होते, तेव्हा तुम्ही हाडं वाढतायत म्हणून सांगत होतात.” बस्स, एवढंच. आणि ते खरं. पाय दुखले की मी तेल लावून चोळायचो. दोनदा डोळे पिवळे झाले, मी म्हटलं बाहेरचं पाणी बाधलं. आणि गेल्या वर्षी तिच्या वर्गाच्या बाईंनी शाळेतून चिठ्ठी पाठवली होती की अक्षर बिघडलंय, लक्ष द्या. मी लक्ष दिलं. रोज एक पान, दहा वेळा. ती उजव्या हाताची बोटं झटकत लिहायची, आणि मी पट्टी घेऊन ओळीचा उतार मोजायचो. नंतर मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, तर डाव्या बाजूला दोन बारीक डाग निघाले. कुणाला न कळता होऊन गेलेले दोन छोटे झटके. डावी बाजू म्हणजे उजवा हात. ताई, ती पानं माझ्याकडे आहेत. टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत.

आता सगळ्यांत अवघड. रक्त सुरू करायच्या आधी डॉक्टरीणबाई घराण्याचा तक्ता भरत होत्या. कोण कुणाचं, कोण कशाने गेलं. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कुणी मूल लहानपणी अचानक गेलंय?” मी म्हणालो, “नाही.” पटकन म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, “गेलंय. यांच्या बहिणीचा मुलगा.” हिने तर त्याला पाहिलेलंही नाही, आपलं बोलणं का बंद आहे, एवढंच तिला कधीतरी आईकडून कळलं होतं. मग मला सांगावं लागलं. टोप्या. साडेसहा वर्षांचा. उन्हापावसात, झोपेतसुद्धा डोक्यावर टोपी, म्हणून टोप्या. आदल्या दुपारी टाकीच्या पाण्यात तासभर खेळला, सकाळी दुधाचा कप उजव्या हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, बोलता येईना, आणि तिसऱ्या दिवशी गेला. बाई लिहायच्या थांबल्या. “त्याचे पाय दुखायचे?” दुखायचे. तू सांगायचीस, आणि मी म्हणायचो, नाटकी आहे, मामाकडून लाड करून घेतोय. “डोळे पिवळे?” हो, कधीकधी. बाई म्हणाल्या, रक्त तपासलेलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही, पण तुम्ही जे सांगताय ते पुस्तकातल्यासारखं आहे. मी विचारलं, “आणि पाणी?” त्या म्हणाल्या, “गार पाण्याने अशा मुलांची हाडं ठणकू शकतात. पण ती नस तासाभरात अरुंद होत नाही. वर्षानुवर्षं होत आलेली असते. त्या काळी घरात बसून हे कुणालाही कळलं नसतं.” तक्त्यावर त्यांनी तुझ्या खाली एक छोटा चौकोन काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. गेलेल्यांसाठी तशी मारतात. त्याच ओळीत जरा पुढे ठिणगीचा गोल होता. मी त्या दोन खुणांकडे बघत राहिलो. मधलं अंतर फार तर चार बोटं असेल.

बाईंनी एक निरोप दिलाय, तो पोचवतो. तुझी थोरली आता संसाराची झाली असेल. ती ठणठणीत असली तरी तिने आणि जावईबापूंनी ही दहा मिनिटांची पट्टी करून घ्यावी. माझ्यासारखं, आमच्या घरात नाही, म्हणू नये. तू आणि भाऊजींनीही करा, म्हणजे टोप्याचंही कळेल. ठिणगीला तिसऱ्यांदा रक्त भरून झालं. काल मोजलं. एकशे अडुसष्ट. मोजण्याआधी मी दोरा लावून यंत्र तपासलं, आणि या खेपेला दोऱ्याचं ऐकलं. ठिणगी म्हणाली, “बाबा, रेडिओवर आता गाणं हळू लागतंय.” नर्सबाईंची मी सगळ्यांदेखत माफी मागितली. त्या म्हणाल्या, “राहू द्या मास्तर, आता सुई टोचते, मुकाट्याने हात पुढे करा.” मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला माझं रक्त घ्यायचं होतं त्यांना. तुझंमाझं रक्त ठिणगीला चालत नाही, बरं का. दोष आपल्यातूनच गेलाय. तेव्हा मी रक्त मागायला लिहितोय असं समजू नकोस.

मग कशाला लिहितोय? त्या दिवशी तुझं घर माणसांनी भरलेलं होतं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीवर त्याची टोपी होती. आणि मी, सगळं मोजून-मापून बोलणारा, सगळ्यांसमोर म्हणालो, “आईचं लक्ष असतं तर पोर उभं असतं.” तू मान वर करून फक्त माझ्याकडे पाहिलंस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मला वाटत राहिलं की खरं बोललो म्हणून तुला झोंबलं. या तीन महिन्यांत रोज वाट पाहिली की आता तेच वाक्य कुणीतरी मला ऐकवेल. हिने नाही ऐकवलं, डॉक्टरीणबाईंनी नाही, शिंपिणीनेही नाही. मी डोळ्यांसमोर आकडा असताना चुकलो. तुझ्याकडे तर आकडाही नव्हता. तू शिकवलंस तसं करतो आहे, ताई. ते वाक्य खोडत नाही, खोडायचा मला हक्क नाही. त्याच्यावर एक रेघ मारतो, वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद लिहितो: टोप्या, वय साडेसहा. कारण रक्तातलं, मामाच्याही रक्तातलं. आईचं लक्ष पूर्ण होतं. खाली सही करतो आहे.

तुझाच,
खटपट्या